तिसरं स्पूल

पुण्याहून आलेला पोरगा हेडफोन काढून म्हणाला,
काका, हे सायकेडेलिक आहे. अस्सल.
मी म्हटलं, असेल.
आम्ही त्याला व्होल्टेज म्हणायचो.

सांज झाली, वडगावात घरोघर बल्ब लागले
की मशीन दमायचं, टेप सावकाश सरकायची.
दुसऱ्या दिवशी पुऱ्या करंटात ऐकावं तर
इराप्पाची गिटार आपोआप वर चढत गेलेली,
जिन्यावरून कुणी अनवाणी गच्चीत जावं तशी.
तेवढं सोडलं तर नशा म्हणजे
गोवावेसच्या टपरीवरचा चहा
आणि मार्शलनं काणकोणहून आणलेली अर्धी बाटली,
तीही त्याच्या आईनं मोरीत ओतली.

गिटार फणसाच्या फळीची.
तिच्या पिकअपची तार केसाएवढी,
माझ्याच दुकानातल्या जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून सोडवलेली.
शिवणयंत्राच्या चाकावर इराप्पा ती गुंडाळायचा,
वेढे मोजत, कानडीत.
चुकला की मराठीत एक शिवी
आणि पुन्हा ओंदु, एरडु, मूरु.

गाण्याला शब्द नव्हते.
शब्द कुठल्या भाषेत, यावर अख्खा मे महिना गेला.
बाहेर पाट्यांना डांबर फासत होते,
आज या अक्षरांना, उद्या त्या.
शेवटी मार्शलनं नुसतं तोंड उघडलं: आ.
तो आ पोरग्याला फार धाडसी वाटला.
धाडस कसलं,
तह होता तो.

पहिल्या दोन स्पुलांवर दस्तगीर आहे,
पलटणीच्या बँडातून भंगारात निघालेल्या ढोलावर.
तिसऱ्याच्या दिवशी बंद.
रेल्वे गेटापाशी पोलीस,
कॅम्पातून दस्तगीर काठ्या पिशवीत घालून निघाला
आणि गेटावरून माघारी गेला.
यंत्रमाग सगळे गप्प.
एवढी शांतता परत कोण देणार होतं आम्हाला?
मी बटण दाबलं,
आणि भिंतीपलीकडे तिप्पव्वाचा हातमाग सुरू झाला.

गेलो सांगायला.
ती मान वर न करता म्हणाली,
सोमवारी लगीन हाय, साडी द्यायची हाय.
तुमचं तुम्ही वाजवा की,
मी नको म्हटलो काय?

परत आलो तर इराप्पा तिच्या ठेक्यावर चढलेला.
खट्, खटाक्,
मधे धोटा या काठावरून त्या काठावर जाईल तेवढी पोकळी,
तिच्यात एकच सूर सोडून तो वाट बघायचा.
धागा तुटला की ती थांबायची,
ती थांबली की आम्ही.
सतरा मिनिटांत चार वेळा.
ती गाठ मारेस्तोवर मार्शलचा आ
वाळत घातलेल्या धोतरासारखा लोंबत राहायचा.

ड्रमर कोण, पोरगा विचारतो.
असं मोडून मोडून वाजवायचं
त्या काळात कुणाला सुचलं?
त्याच्या हातात पेन, पुढ्यात कागद.

दस्तगीर म्हणणार होतो मी.
मागल्या शिमग्याच्या सुमारास गेला बिचारा,
नातवाला तेवढंच बरं वाटलं असतं,
आणि तो गेटापर्यंत आला होता, हेही खरं.
मग म्हटलं, तिप्पव्वा.
आडनाव?
ते आम्ही कधी विचारलंच नव्हतं.
तिनंही आमचं नाव विचारलं नव्हतं,
नुसतं "ते गरागरा वाजवणारे" म्हणायची.

टेपच्या शेवटाला बुरशी लागली आहे.
फुसफुस, कुणाचं तरी खोकणं,
मग इराप्पा, अगदी जवळून:
"आणि एकदा."

पोरगा कान देऊन बसून राहिला.
आणि एकदा काय, काका? पुढचं कुठाय?
म्हटलं, पुढचं काही नाही बाबा.
आमच्याकडे आणि म्हणजे पुन्हा.

मग वाजवलंत पुन्हा?
कुठलं.
स्पूल संपलं होतं.
पलीकडे तेवढं चालू होतं.